मंजुरीच्या प्रतीक्षेत



स्मृतिव्याख्यानाच्या प्रारंभी, ज्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालते त्यांच्या गुणांचे संकीर्तन करावे असा शिरस्ता आहे. तो मोडण्याचे धाडस मी करतो, याचे कारण एवढेच की, ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते वर्गात स्वतःविषयी एक अक्षर काढीत नसत, आणि दुसरा कोणी काढू लागला की खिशातले घड्याळ बाहेर काढीत. त्या घड्याळाचा मान राखून मी विषयाकडे वळतो.

'दुफळीच्या काळात मंडळीचे पुढारीपण' हा विषय मालेच्या चालकांनी मला दिला, तेव्हा एखादे शास्त्रवचन किंवा एखाद्या सिनडचा ठराव मनात येण्याऐवजी आमच्या गावच्या कबरस्तानाची किल्ली माझ्या डोळ्यांपुढे आली. मी तेव्हा नऊदहा वर्षांचा असेन. शाळेमागच्या एका पडीक जमिनीवरून मंडळीत दोन तट पडले होते; अर्ज, उलट अर्ज, वकिलांच्या नोटिसा, यांचे दप्तर इतके फुगले होते की उपासनेला कोण कोणत्या बाजूच्या बाकांवर बसतो यावरून त्याचा तट ओळखू येई. अशात ज्येष्ठाच्या अखेरीस, पहिल्या पावसात, गावातली एक म्हातारी सुईण वारली. आमच्यापैकी निम्म्या मुलांना जगात आणले ते तिच्याच हातांनी. पण तिच्या मुलाची सही विरुद्ध तटाच्या अर्जावर होती. कबरस्तानाच्या फाटकाची किल्ली पाळकसाहेबांकडे असे, आणि पाळकसाहेब म्हणाले की कमिटीची मंजुरी आल्यावाचून फाटक उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही. कमिटीचे चेअरमन परगावी गेलेले. त्यांना आणायला माणूस गेला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. तोवर तिची शवपेटी फाटकाबाहेर चिंचेखाली होती, आणि तिच्यावर जी ताडपत्री होती ती नाक्यावरच्या मुसलमान वाण्याने दिलेली होती.

येथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. पाळकसाहेब दुष्ट नव्हते. रात्रभर ते त्या पेटीपाशी छत्री धरून उभे होते, स्तोत्रे म्हणत होते, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिले की ते रडत होते. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात होती.

ही हकीकत मी पुष्कळ वर्षे कोणाजवळ बोललो नाही. ती पुन्हा वर आली ती दिट्रिश बोनहॉफर या जर्मन पाळकाचे चरित्र वाचताना. आणि म्हणून आजचे बहुतेक व्याख्यान मी त्या देशातल्या, हिटलरच्या बारा वर्षांतल्या मंडळीविषयी देणार आहे. हिटलरच्या अमदानीशी आपल्या काळाची तुलना करण्याची जी एक फॅशन पडली आहे तिच्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. जुलमी राजा हा माझा विषय नसून, खिशात किल्ली असलेला सज्जन पाळक हा माझा विषय आहे.

१९३३ साली जर्मनीतील सुमारे दोन-तृतीयांश लोक प्रॉटेस्टंट होते, आणि त्यांच्या अठ्ठावीस प्रांतिक मंडळ्या होत्या. ३० जानेवारीला हिटलर सत्तेवर आला. १ एप्रिलला यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला. ७ एप्रिलला यहुदी वंशाच्या माणसांना सरकारी नोकरीतून काढून टाकण्याचा कायदा झाला. हेच 'आर्य कलम' मंडळीतही लागू करावे, म्हणजे ज्या पाळकाचा आजा यहुदी असेल त्याला व्यासपीठावरून उतरवावे, अशी मागणी 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या पक्षाने केली. आणि जुलैत झालेल्या मंडळीच्या निवडणुकांत सुमारे दोन-तृतीयांश मते त्याच पक्षाला पडली, ही गोष्ट विसरून चालणार नाही. मंडळीवर हे संकट केवळ बाहेरून चालून आले नव्हते. ते बाकांवरच बसलेले होते.

त्या १ एप्रिलची एक आठवण बोनहॉफरच्या घराण्यात जपली गेली. त्याची आजी युलिए नव्वद वर्षांची होती. तिच्या नेहमीच्या दुकानापुढे हिटलरच्या पक्षाच्या तपकिरी गणवेशातल्या स्वयंसेवकांनी कडे केले होते. म्हातारी त्यांच्यामधून शांतपणे आत गेली आणि आपला बाजार करून बाहेर आली. तिने कोणाला विचारले नाही. विचारायला तिला कोणी वरिष्ठच नव्हता, हे तिचे भाग्य म्हणा.

तिच्या नातवाला वरिष्ठ होता. बोनहॉफर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बर्लिनच्या विद्यापीठात ईश्वरविद्या शिकवीत असे. त्याची जुळी बहीण साबिने हिचे पती गेरहार्ड लाइबहोल्ट्स हे यहुदी वंशाचे. ११ एप्रिल १९३३ रोजी त्यांचे वडील वारले. ते बाप्तिस्मा न घेतलेले होते, तरी दफनाच्या वेळी दिट्रिशने चार शब्द बोलावेत, अशी कुटुंबाची विनंती होती. त्याने आपल्या महाअधीक्षकांचा सल्ला घेतला. सध्याच्या परिस्थितीत, यहुदी माणसाच्या दफनविधीला जाणे उचित नाही, असा सल्ला मिळाला. आणि हा बुद्धिमान, कुलीन, निर्भय म्हणून पुढे जगाला ठाऊक झालेला तरुण आपल्या बहिणीच्या सासऱ्याच्या दफनाला उपदेश करायला गेला नाही.

हे ज्या महिन्यात घडले त्याच महिन्यात तो मंडळी आणि यहुदी प्रश्न यांवर एक निबंध लिहीत होता, हे कळल्यावर मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्या निबंधात त्याने मंडळीची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: राज्यसंस्थेला तिच्या कृत्यांचा जाब विचारणे, त्या कृत्यांना बळी पडलेल्यांचे, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, साहाय्य करणे, आणि अखेर वेळ पडल्यास चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करण्यापुरते न थांबता ते चाकच अडवणे. त्या वर्षी जर्मनीत याहून धीट असे पाळकाच्या लेखणीतून फारच थोडे उतरले असेल. चाक अडवण्याचा विचार ज्याला सुचला त्याला एका कबरीपर्यंत चालत जाण्याचे धैर्य झाले नाही. आणि मला वाटते, लिहिणाऱ्या आणि बोलणाऱ्या आपणा सर्वांनी, अर्थात आज या मंचावर उभ्या असलेल्या माझ्यासकट, या विसंगतीपाशी पुरेसा वेळ थांबले पाहिजे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने बहिणीला आणि मेहुण्यांना पत्र लिहून क्षमा मागितली. आपण तेव्हा इतके कसे घाबरलो हे आपल्याला आता समजत नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. सल्ला देणाऱ्या महाअधीक्षकांचा दोष त्याने त्यात पुढे केला नाही.

आता वरिष्ठांकडे येऊ. २५ जानेवारी १९३४ रोजी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे पुढारी हिटलरच्या भेटीस गेले. सरकारच्या मर्जीतला राष्ट्रबिशप लुडविग म्यूलर याला दूर करावे, असे त्यांना सांगायचे होते, आणि त्यांच्यात डाहलेमचे पाळक मार्टिन नीम्योलर हेही होते, ज्यांनी आर्य कलमाविरुद्ध पाळकांचा आपत्कालीन संघ उभारला होता. भेट सुरू होते न होते तोच हिटलरचा सहकारी गोरिंग पुढे झाला, आणि नीम्योलर यांनी त्याच सकाळी टेलिफोनवर कोणाशी केलेल्या थट्टेच्या संभाषणाची, पोलिसांनी चोरून ऐकलेली नोंद त्याने वाचून दाखवली. हिटलर भडकला. बिशपांचे अवसान गेले. म्यूलरला काढण्याची गोष्ट राहिली बाजूलाच. दोन दिवसांनी त्याच बिशपांनी आपण राष्ट्रबिशपांच्या पाठीशी एकदिलाने उभे आहोत असे निवेदन काढले. टेलिफोनवरची एक थट्टा तेवढी पुरली.

या बिशपांना भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे. त्यांतलेच वुर्टेंबर्गचे वुर्म आणि बव्हेरियाचे मायझर यांना त्याच वर्षीच्या शरदात त्यांच्या मंडळ्या म्यूलरच्या कारभाराखाली जाऊ न दिल्याबद्दल घरात स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा लोक रस्त्यांवर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १९४० मध्ये मनोरुग्णांच्या सरकारी हत्येविरुद्ध गृहमंत्र्याला लेखी निषेध पाठवणारे वुर्म हेच. ते आपल्या मंडळीसाठी झगडले, आणि चांगले झगडले. उणे पडले ते 'आपल्या' या शब्दाच्या अर्थात.

तेच उणेपण मला बार्मेनच्या जाहीरनाम्यातही दिसते, आणि हे बोलताना माझी जीभ किंचित अडखळते, कारण तो दस्तऐवज विसाव्या शतकातील मंडळीच्या इतिहासात आदराने नाव घेण्याजोगा आहे. १९३४ च्या मेअखेर बार्मेन गावी भरलेल्या सभेत विश्वासांगीकारी मंडळी म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या पक्षाने सहा कलमे संमत केली: मंडळी ऐकते ती ख्रिस्ताचे, कोणत्याही नेत्याचे, वंशाचे किंवा इतिहासघटनेचे नव्हे. मसुदा मुख्यतः कार्ल बार्ट यांचा. त्यांचे सहकारी दोन लुथरपंथी पंडित दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी करीत असताना आपण कडक कॉफी आणि ब्राझीलचे एकदोन चिरूट यांच्या बळावर तो लिहून काढला, असे ते पुढे मिस्कीलपणे सांगत. त्या सहा कलमांत यहुद्यांविषयी एक शब्द नाही. तो शब्द घातला असता तर सभेत एकमत झाले नसते, हे खरे. आणि बार्ट यांनी उतारवयात त्या मौनाची खंत व्यक्त केली, हेही खरे. एकमताची किंमत मोजणारे आणि ते साधणारे नेहमीच एक नसतात.

जे बिशपांना आणि पंडितांना झाले नाही ते एका शाळामास्तरणीने केले. बर्लिनमधील शिक्षिका एलिझाबेथ श्मिट्स यांनी १९३५ मध्ये जर्मन यहुद्यांच्या दैनंदिन छळाचे एक साधार टिपण तयार केले: शाळेत एकट्या पडलेल्या मुलांचे, बाकांवरच्या पाट्यांचे, मोडलेल्या संसारांचे, आणि मंडळीने बोलावे म्हणून ते विश्वासांगीकारी मंडळीच्या धुरीणांच्या हाती दिले. मंडळी बोलली नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात सिनेगॉग जळल्यानंतर, सरकारला हवे तसे शिकवणे आपल्या सद्सद्विवेकाला शक्य नाही, म्हणून बाईंनी नोकरी सोडली. ते टिपण पुढे कित्येक दशके दुसऱ्याच एका बाईंच्या नावावर खपत राहिले, आणि श्मिट्सबाईंनी ते दुरुस्त करण्याची खटपट केली नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांना ही बाई आवडली असती.

बोनहॉफर १९३३ च्या शरदात लंडनला गेला आणि तेथील दोन जर्मन मंडळ्यांचा पाळक झाला. त्या मुक्कामात त्याने घेतलेल्या एका ध्यासाचा आपल्या भूमीशी संबंध आहे. युरोपातील मंडळीला पर्वतावरील प्रवचन नव्याने शिकायचे असेल तर ते हिंदुस्थानात, गांधीजींपाशी शिकावे, असे त्याच्या मनाने घेतले. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी शिफारसपत्र दिले, आणि १ नोव्हेंबर १९३४ रोजी वर्ध्याहून गांधीजींचे उत्तर गेले. ते उत्तर किती हिशेबी आहे! परतीचे भाडे जवळ असावे. दरमहा माणशी शंभर रुपये ही खर्चाची कमाल मर्यादा समजावी. थंडीत आलात तर बरे. मी तुरुंगाबाहेर आणि एके जागी असलो तर माझ्याजवळ राहाल, नाहीतर माझ्या देखरेखीखालच्या एखाद्या संस्थेत. आणि तिथले साधे शाकाहारी अन्न चालणार असेल तर जेवणाराहण्याचे पैसे पडणार नाहीत. यजमान तुरुंगात असण्याची शक्यता हवापाण्याच्या ओघात सांगून टाकणारे निमंत्रण मी दुसरे पाहिलेले नाही. तो आला नाही. त्याला जर्मनीतून बोलावणे आले होते: विश्वासांगीकारी मंडळीच्या तरुण उमेदवारांसाठी एक पाठशाळा चालवायची होती, आणि ती सरकारमान्य नसणार होती.

एप्रिल १९३५ मध्ये ती बाल्टिक समुद्राकाठी झिंग्स्ट येथे सुरू झाली, आणि काही आठवड्यांनी श्टेटिनजवळ फिंकेनवाल्डे येथे गेली. वर्ध्याला जाऊन जे पाहायचे होते ते, म्हणजे समाईक जीवन, ठरलेली प्रार्थना, मौन, श्रम, त्याने तेथेच घडवायचे ठरवले. तेथला एक नियम मला सर्व ठरावांहून थोर वाटतो: गैरहजर बंधूविषयी बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर ते त्याला जाऊन सांगायचे. आपल्या पंचकमिट्यांनी हा नियम एक महिना पाळला तर किती बैठका तहकूब कराव्या लागतील! आणखी एक प्रसंग त्याचा शिष्य व चरित्रकार एबरहार्ड बेथगे याने नोंदवला आहे. पाठशाळा सुरू झाली त्या दिवसांत स्वयंपाकघरातून मदतीसाठी विचारणा झाली. भांडी पडली होती. विद्यार्थ्यांपैकी लगेच कोणी उठले नाही. बोनहॉफर काही न बोलता उठला, आत गेला आणि त्याने दाराला आतून कडी घातली. मागाहून ओशाळून धावत आलेल्यांना त्याने आत घेतले नाही. पुढारीपणावरच्या व्याख्यानात मला याहून अधिक सांगण्यासारखे ठाऊक नाही.

आपल्याकडे वरून मंजुरी येण्याची वाट न पाहणारे पाळक झाले नाहीत असे नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली, आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी ते गेले. तो दरबार टिकला नाही, म्हणून तो चुकला असे म्हणणारे आजही भेटतात; पेन्शनीच्या मापाने मोजले तर बहुतेक संदेष्टे चुकलेच.

फिंकेनवाल्डेची पाठशाळा १९३७ मध्ये गेस्टापो या गुप्त पोलीसदलाने बंद केली. पुढच्या वर्षीची कथा मात्र अशी आहे की ती एखाद्या नाटककाराने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते. मंडळीच्या कचेरीचे प्रमुख वेर्नर यांनी, २० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाची भेट म्हणून, सर्व पाळकांनी त्याच्याशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी असे फर्मान काढले. विश्वासांगीकारी मंडळीत महिनोन्महिने खल झाला. शपथेचा धार्मिक अर्थ काय, कोणत्या खुलाशासह ती घेता येईल, यावर पांडित्यपूर्ण टिपणे झाली. अखेर ज्याने त्याने आपल्यापुरते ठरवावे असे ठरले, आणि बहुसंख्य पाळकांनी शपथ घेतली. त्यानंतर ऑगस्टमध्ये हिटलरच्या पक्षाचा अधिकारी बोरमान याचे एक परिपत्रक उघडकीस आले. त्यात म्हटले होते की, ही शपथ मंडळीचा अंतर्गत मामला आहे. पक्षाने ती मागितलेली नाही, आणि कोणी घेतली वा न घेतली याचे पक्षाला महत्त्व नाही. दाराबाहेर कोणी उभे नसताना, आतल्या आत, आपले इमान गहाण टाकून त्यांनी मुचलका लिहून दिला होता.

मी बोनहॉफरला आदर्श म्हणून आपल्यापुढे ठेवीत आहे असे वाटू नये, म्हणून आणखी एक प्रसंग सांगतो. १७ जून १९४० रोजी तो आणि बेथगे मेमेल येथे एका उपाहारगृहाच्या बागेत बसले होते. फ्रान्स शरण आल्याची वार्ता ध्वनिक्षेपकावरून आली, लोक खुर्च्यांवर चढून हात उंचावून गाऊ लागले, आणि बेथगे पाहतो तो बोनहॉफरचाही हात सलामीत वर गेलेला! थिजलेल्या मित्राला त्याने हलकेच बजावले की हात वर कर, पुढे आपल्याला निराळ्या गोष्टींसाठी जोखीम पत्करायची आहे, या सलामीसाठी नव्हे. तो तेव्हा हिटलरविरोधी कटाच्या वाटेला लागला होता. सत्यनिष्ठ माणसाने हात वर करावा का? मी या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे शोधतो आहे, आणि मला इतकेच कळले आहे की शपथ घेणाऱ्या पाळकांचा हात आणि हा हात, छायाचित्रात सारखेच दिसले असते. १९३८ साली शपथ घेणाऱ्यांना आपली नोकरी वाचवायची होती. हा माणूस १९३९ साली अमेरिकेत सुरक्षित पोचला असताना काही आठवड्यांत आपण होऊन परत आला होता. ५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फाशी देण्यात आले. तेव्हा त्याला एकोणचाळीसावे वर्ष संपले होते.

परंतु मला त्याचे स्मरण त्या फाशीच्या अंगणात होत नाही; ते होते एका निरोपाच्या सकाळी. मी आपल्याला ज्या दफनविधीची गोष्ट सांगितली, त्यातील साबिने आणि गेरहार्ड लाइबहोल्ट्स यांना, आपल्या दोन लहान मुलींना घेऊन, जर्मनी सोडण्याची वेळ १९३८ च्या सप्टेंबरात आली. यहुद्यांच्या पारपत्रांवर शिक्के उठवण्याचा हुकूम निघण्याच्या बेतात होता. ९ सप्टेंबरला ते गोटिंगेनहून मोटारीने निघाले. त्या सकाळी निरोप द्यायला भाऊ आला होता, आणि तो त्यांच्यासोबत वाटेत बराच लांबपर्यंत गेला. त्याच रात्री त्यांनी स्वित्झर्लंडची सरहद्द ओलांडली.